येशूला ३२५ साली देव केले गेले नाही

ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की एक विधान हमखास कानावर पडते. येशू मुळात एक थोर उपदेशक होता; त्याला देव केले ते रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने, इ.स. ३२५ मध्ये, नायसियाच्या सभेत, बिशपांचे अटीतटीचे मतदान घेऊन. २००३ साली आलेल्या एका तुफान खपलेल्या कादंबरीने हे विधान घराघरांत पोचवले. त्याआधीही ते फिरत होतेच. बोलणारा ते ठामपणे बोलतो, आणि समोरचा ख्रिस्ती माणूस बहुधा गप्प बसतो, नाहीतर एखादे लंगडे वचन फेकून मारतो. मला दोन्ही गोष्टींचे वाईट वाटते. येशू देव आहे का, हा श्रद्धेचा प्रश्न आहे आणि तो कुठल्याही दप्तरखान्यात सुटणार नाही. पण ख्रिस्ती लोक त्याला देव कधीपासून मानू लागले, हा सरळसरळ इतिहासाचा प्रश्न आहे. त्याला पत्रे आहेत, शिलालेख आहेत, तारखा आहेत.

पहिला साक्षीदार ख्रिस्ती नाही, हे बरेच झाले. इ.स. ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी हा बिथिनिया-पोंटस प्रांताचा राज्यपाल होता. नायसिया हे शहर याच प्रांतातले. सम्राट ट्राजनला पाठवलेल्या एका पत्रात तो नायसियाच्या नाट्यगृहाची तक्रार करतो: एक कोटी सेस्टर्सहून अधिक खर्च झाला, काम अपुरेच, आणि बांधकाम खचून भेगा पडल्या आहेत. त्याच पत्रसंग्रहात दुसरे एक पत्र आहे, ख्रिस्ती लोकांचे काय करावे हे विचारणारे. पकडलेल्यांनी दिलेली कबुली त्यात नोंदली आहे: ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी आम्ही जमतो, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतो, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतो, मग पांगतो आणि पुन्हा एकत्र येऊन साधे अन्न खातो. खात्री करून घेण्यासाठी प्लिनीने दोन दासींचा छळही केला. कबुली देणाऱ्यांतले काही म्हणाले की आम्ही हे सारे केव्हाच सोडले, एकदोघांनी तर वीस वर्षांपूर्वी. म्हणजे त्यांची साक्ष पहिल्या शतकाच्या शेवटाकडे जाते. ज्या प्रांतात येशूला ‘देव केले’ म्हणतात, त्याच प्रांतात दोनशे वर्षे आधी लोक पहाटे उठून त्याला देव म्हणून आळवत होते. आणि ही नोंद सरकारी आहे, करणारा त्यांच्या विरोधातला आहे.

त्याहून मागे जायचे तर पौलाची, म्हणजे पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकाची, पत्रे. येशूला क्रुसावर दिले ते इ.स. ३० किंवा ३३ मध्ये. करिंथकरांस पहिले पत्र लिहिले गेले ५४-५५ च्या आसपास. मध्ये गेली जेमतेम वीस-पंचवीस वर्षे. या पत्राचा शेवट पाहा. सगळे पत्र ग्रीकमध्ये, वाचणारे करिंथचे ग्रीक बोलणारे लोक, आणि शेवटी अचानक एक अरामी शब्दजोड येते: ‘मारानाथा’. फोड अशीही करता येते की ‘आमचा प्रभू आला आहे’. पण बहुतेक अभ्यासक ‘मारानाथा’ म्हणजे ‘हे आमच्या प्रभो, ये’ असेच वाचतात, आणि बायबलच्या शेवटच्या पानावर हीच विनवणी ग्रीकमध्ये येते. पौल तिचे भाषांतर करत नाही, अर्थही सांगत नाही. करिंथच्या लोकांना ती आधीच पाठ होती, म्हणून. आपण ‘आमेन’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ कुणाला समजावत बसत नाही, तसे.

हे एवढेसे तपशील फार मोलाचे आहेत. १९१३ मध्ये विल्हेल्म बूसेट या जर्मन अभ्यासकाने असा सिद्धान्त मांडला की येशूला ‘प्रभू’ म्हणून भजणे यरुशलेमेत सुरू झालेच नाही; ते अंत्युखियासारख्या ग्रीक शहरांत, आजूबाजूच्या पंथांच्या प्रभावाने सुरू झाले. मग अरामीतली प्रार्थना कुठून आली? अरामी ही येशूच्या पहिल्या यहुदी शिष्यांची भाषा. मेलेल्या गुरूला कुणी ‘ये’ म्हणून प्रार्थना करत नाही, निदान एकाच देवाला भजणारा यहुदी तर नाहीच. या एका शब्दाने बूसेटला फार अडचणीत आणले, आणि पुढे लॅरी हुर्टाडोसारख्या अभ्यासकांनी त्याची मांडणी जवळजवळ मोडीत काढली. नव्या कराराचे अभ्यासक बार्ट अर्मन तर ख्रिस्ती श्रद्धा मानत नाहीत. तरी तेही येशूला दैवी स्थान देण्याची सुरुवात पुनरुत्थानावरच्या विश्वासाबरोबरच झाली असे मांडतात, चौथ्या शतकात नव्हे.

त्याच पत्रातला आठवा अध्याय आणखी खोल आहे. यहुदी माणूस रोज म्हणतो ते वचन असे: हे इस्राएला, श्रवण कर, आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे. ग्रीक बायबलमध्ये यातल्या ‘परमेश्वर’ या नावाच्या जागी ‘क्युरिऑस’, म्हणजे प्रभू, हा शब्द आहे. पौल या वचनातले दोन शब्द घेतो, ‘देव’ आणि ‘प्रभू’, आणि लिहितो की आपला एकच देव म्हणजे पिता, आणि एकच प्रभू येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे अवघे झाले. त्याने दुसरा देव जोडलेला नाही. एकच देव सांगणाऱ्या वचनाच्या आतच येशूला जागा दिली आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही तेच. जुन्या करारातल्या यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात देव स्वतःविषयी म्हणतो की माझ्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. पौल ते गुडघे येशूच्या नावापुढे टेकवतो. अनेक अभ्यासकांच्या मते तो भाग पौलाने लिहिलेलाही नाही, त्याच्या आधीपासून गायले जाणारे ते गीत असावे.

मधल्या काळातले पुरावे सांगत बसलो तर लेख पुरणार नाही. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी ‘आपला देव येशू ख्रिस्त’ असे सहज लिहून जातो. इस्राएलमधल्या मगिद्दो येथे २००५ मध्ये एका तुरुंगाच्या आवारात तिसऱ्या शतकातल्या प्रार्थनागृहाची फरशी सापडली. तीवरच्या रंगीत खड्यांच्या लेखात अकेप्तूस नावाच्या बाईने ‘देव येशू ख्रिस्ताला’ स्मरणार्थ मेज अर्पण केल्याची नोंद आहे. रोममध्ये पॅलटाईन टेकडीवरच्या एका भिंतीवर कुणीतरी टवाळीने खरवडलेले चित्र आहे: क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात उंचावलेला दुसरा माणूस, आणि अशुद्ध ग्रीकमध्ये ‘अलेक्सामेनोस देवाला भजतो’. ते साधारण इ.स. २०० चे मानले जाते. टवाळी करणाऱ्यालाही ठाऊक होते की हे लोक क्रुसावरच्या माणसाला देव मानतात.

मग नायसियात ठरले काय?

मराठीत आपण एखाद्या भल्या माणसाला देवमाणूस म्हणतो, आणि विश्वाच्या निर्मात्यालाही देवच म्हणतो. शब्द एक, अर्थांत आकाशपाताळाचे अंतर. ग्रीक ‘थिऑस’ हा शब्दही असाच ऐसपैस होता. सम्राटांनाही तो लावला जाई. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस येशूला देव म्हणायला तयार होता. तो त्याची उपासना करत होता, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देत होता. त्याचे म्हणणे एवढेच होते की पुत्र हा देवाने निर्माण केलेला पहिला आणि सर्वश्रेष्ठ जीव आहे. ‘तो नव्हता असा एक काळ होता.’ त्याचे वरिष्ठ बिशप अलेक्झांडर आणि त्या वेळी नुसता डीकन, म्हणजे कनिष्ठ धर्मसेवक, असलेला अथनेशियस म्हणत होते की निर्माता आणि निर्मिती यांच्यामध्ये तिसरी पायरीच नाही. पुत्र एक तर इकडचा, नाहीतर तिकडचा. तेव्हा प्रश्न ‘येशू माणूस की देव’ असा नव्हताच. ज्याला आपण सगळे भजतो, तो ‘देव’ म्हणजे नेमका कोणत्या अर्थाने, असा होता.

एरियसला खलनायक करून टाकणे मला पटत नाही. त्याला एकच देव जपायचा होता, आणि त्याच्या हातात वचने होती: ‘माझ्यापेक्षा पिता थोर आहे’, नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातले ज्ञान म्हणते की परमेश्वराने मला निर्माण केले. अथनेशियसचे उत्तर मात्र मुळावर घाव घालणारे होते. पुत्र निर्मित असेल तर त्याची उपासना ही मूर्तिपूजा ठरते, आणि ती तर एरियसही करतो. आणि निर्मित जीव दुसऱ्या निर्मित जीवांना देवाशी जोडू शकत नाही. बुडणाऱ्याला बुडणारा कसा तारणार? घर बांधावे लागते, ते बांधणाऱ्याच्या जातीचे नसते. मुलगा जन्मतो आणि तो बापाच्याच जातीचा असतो, हा दाखलाही त्याचाच. म्हणून सभेच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरीव निवेदनात, शब्द आले: ‘देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश, खऱ्या देवापासून खरा देव, जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’.

त्यापुढचा शब्द सगळ्यात वादाचा: ‘होमोऊसिऑस’, पित्याशी एकतत्त्व. तो बायबलमध्ये कुठेही नाही. शिवाय २६८ मध्ये अंत्युखियाच्या सभेने समोसाटाच्या पौलाच्या (हा प्रेषित पौल नव्हे, तिसऱ्या शतकातला अंत्युखियाचा बिशप) प्रकरणात हाच शब्द नाकारला होता. असा डागाळलेला शब्द का घेतला, हे अथनेशियसने पुढे सांगितले आहे. सभेने आधी बायबलचेच शब्द सुचवले: पुत्र ‘देवापासून’ आहे. एरियसच्या बाजूचे लोक आपसात कुजबुजले, डोळ्यांनी खुणा केल्या: चालेल, कारण ‘सर्व काही देवापासून’ आहे असेही शास्त्रात आहे. दुसरा शब्द सुचवला, त्यालाही त्यांना पळवाट सापडली. शेवटी असा शब्द हवा होता ज्यावर ते सही करू शकणार नाहीत. ही नोंद एका पक्षाची आहे हे लक्षात ठेवूनही ती पटते. करारनाम्यातली कलमे अशीच पक्की होतात. शब्द सुंदर आहे म्हणून नव्हे, दुसऱ्या कुठल्याच शब्दाने पळवाट बुजत नाही म्हणून.

मतदान अटीतटीचे झाले, हेही खोटे. बिशपांची संख्या कैसरियाचा युसेबियस, जो स्वतः हजर होता, अडीचशेहून अधिक सांगतो. परंपरेतला ३१८ हा आकडा उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायातल्या अब्राहामाच्या ३१८ माणसांशी तंतोतंत जुळतो, तेव्हा तो प्रतीक म्हणून रूढ झाला असावा. यांतल्या दोघांनी शेवटपर्यंत सही केली नाही: टॉलेमाईसचा सेकुंदस आणि मार्मारिकाचा थिओनास. त्यांना एरियसबरोबर हद्दपार करण्यात आले. बायबलमध्ये कोणती पुस्तके असावीत हे इथेच ठरले असेही सांगितले जाते, पण तो विषय या सभेपुढे नव्हताच. सभेने वीस नियम केले, पुनरुत्थान सणाची तारीख ठरवण्याचा वाद मिटवला.

आता कॉन्स्टंटाईन. त्याने सभा बोलावली, खर्च केला, दडपण आणले, न ऐकणाऱ्यांना हद्दपार केले. हे नाकारण्यात अर्थ नाही. राजसत्तेने श्रद्धेच्या प्रश्नात घातलेला हा हात चर्चला पुढे महागात पडला. पण त्यानेच श्रद्धा घडवली असेल, तर पुढचा इतिहास उलगडत नाही. काही वर्षांतच त्याने एरियसला परत बोलावले आणि ३३५ मध्ये अथनेशियसला हद्दपार केले. ३३७ मध्ये मृत्युशय्येवर त्याने बाप्तिस्मा घेतला, तो एरियसचा कैवारी असलेल्या निकोमेडियाच्या युसेबियसच्या हातून. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस याने तर सगळे बळ नायसियाच्या विरोधात लावले. ३५९ मध्ये रिमिनी आणि सेल्युकिया इथल्या सभांवर दबाव आणून ‘एकतत्त्व’ हा शब्दच काढून टाकलेले सूत्र लादले गेले. अथनेशियस पाच वेळा परागंदा झाला, एकूण सतरा वर्षे. नायसियाचे सूत्र टिकले ते बराच काळ सम्राटांच्या मर्जीविरुद्ध. ३८१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या सभेत ते पुन्हा पक्के झाले तेव्हा सम्राट थिओडोशियस त्याच्या बाजूने होता हे खरे, पण तोवर छप्पन्न वर्षे लोटली होती. आज चर्चमध्ये म्हणतात तो विश्वासांगीकार प्रत्यक्षात या ३८१ च्या सभेशी जोडलेला आहे.

वाद फक्त राजवाड्यात आणि बिशपांत चालला होता असेही नाही. न्युसाचा ग्रेगरी कॉन्स्टॅन्टिनोपलचे वर्णन करतो: मोड मागावी तर समोरचा ‘जन्मलेला’ आणि ‘न जन्मलेला’ यांवर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारावा तर उत्तर येते की पिता थोर आणि पुत्र कनिष्ठ, न्हाणीघर तयार आहे का विचारावे तर सेवक सांगतो की पुत्र शून्यातून निर्माण झाला. ग्रेगरीला याचा वैताग आला होता. पण त्यातून एक गोष्ट कळते. वरून हुकूम आला आणि लोकांनी मान तुकवली, असा हा मामला नव्हता.

इतके सगळे पुरावे हाताशी असताना ख्रिस्ती बाजूने जेव्हा कच्चे पुरावे पुढे केले जातात तेव्हा जास्त चीड येते. योहानाच्या पहिल्या पत्रातले ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत, पिता, शब्द व पवित्र आत्मा’ हे वाक्य मूळ ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतले नव्हते. १५२२ मध्ये टीकेच्या दडपणाखाली घातले. ते सोडून द्यावे. तीमथ्याला पहिल्या पत्रातले ‘देव देहात प्रकट झाला’ हे वचनही असेच. जुन्या ग्रीक मोठ्या अक्षरांत ‘जो’ हा शब्द दोन अक्षरांचा: एक पोकळ गोल ओमिक्रॉन आणि चंद्रकोरीसारखा सिग्मा. ‘देव’ हा शब्द आदराने आखडून लिहीत: थीटा आणि सिग्मा, वर आडवी रेघ. ओमिक्रॉन आणि थीटा यांत फरक पोटातल्या एका बारीक रेघेचा. सिनाई पर्वतावरच्या मठात सापडलेल्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितात मूळ लेखकाने ‘जो’ लिहिले आहे. ‘देव’ हा नंतरच्या हाताने केलेला बदल. एवढ्याशा रेघेवर सिद्धान्त टांगू नये, आणि टांगायची गरजही नाही.

‘मी व पिता एक आहोत’ हे तर सर्वांचे आवडते वचन. ग्रीकमध्ये इथला ‘एक’ नपुंसकलिंगी आहे. मराठीत ‘एक’ लिंगानुसार बदलत नाही, त्यामुळे हे दिसत नाही. एकच व्यक्ती असे योहान म्हणत नाही. आणि योहानाच्याच सतराव्या अध्यायात येशू शिष्यांसाठी याच शब्दाने ‘ते एक व्हावेत’ अशी प्रार्थना करतो. एकट्या या वचनावर काही सिद्ध होत नाही.

‘शब्द देव होता’ या वाक्याचा वादही मराठी वाचकाला कळणे अवघड, कारण मराठीत उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) नाही. ग्रीकमध्ये ‘शब्द देवासह होता’ यातल्या देवाला उपपद आहे, ‘शब्द देव होता’ यातल्या देवाला नाही. यावरून ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाच्या १९५० च्या भाषांतराने ‘शब्द एक देव होता’ असा अर्थ घेतला. पण त्याच अध्यायात सहाव्या, बाराव्या, तेराव्या आणि अठराव्या वचनांत ‘देव’ उपपदाविना येतो, आणि तिथे कुणीही ‘एका देवाकडून पाठवलेला’ असे भाषांतर करत नाही. दुसऱ्या बाजूचे लोक १९३३ चा कॉलवेलचा नियम पुढे करतात, की क्रियापदाआधी आलेल्या विधेयाला उपपद बहुधा नसते. तो नियमही इथे पुरत नाही. शब्द निश्चितार्थी आहे हे आधी गृहीत धरले तरच तो लागू होतो. सरळ वाचन असे: उपपद नसल्यामुळे शब्दाचे स्वरूप सांगितले आहे, जे देवाचे तेच त्याचे. उपपद असते तर शब्द आणि पिता ही एकच व्यक्ती झाली असती, आणि ‘देवासह होता’ हे आधीचे अर्धे वाक्य निरर्थक ठरले असते.

मराठीत बोलताना ‘अवतार’ हा शब्द पटकन तोंडी येतो. समजावायला तो सोपा, पण त्यात दोन अडचणी आहेत. अवतार अनेक होतात, आणि कार्य संपले की रूप टाकता येते. मराठी बायबल ‘शब्द देही झाला’ म्हणते. देह पांघरला असे म्हणत नाही. ख्रिस्ती शिकवण अशी की हे एकदाच घडले आणि कायमचे घडले. म्हणूनच येशूचे माणूसपण नुसते दिसण्यापुरते होते, असे म्हणणाऱ्यांनाही चर्चने तितक्याच ठामपणे नाकारले. नाझियान्झसच्या ग्रेगरीचे सूत्र आहे: जे धारण केले नाही ते बरे झाले नाही. चौथ्या शतकातला बिशप अपोलिनारिस म्हणत होता की येशूत मानवी मनाच्या जागी दैवी शब्द होता. ग्रेगरीचे उत्तर असे की मग आमच्या मनाचे तारण झालेच नाही, आणि बिघडले होते ते तर मनच. ४५१ मध्ये खाल्सेडॉनच्या सभेने दोन स्वभावांचे नाते चार नकारांत सांगितले: मिसळ नाही, बदल नाही, फाटाफूट नाही, वेगळेपण नाही. ते नेमके कसे, हे सभेने सांगितले नाही. कुठे घसरायचे नाही एवढ्याच चार बाजू आखून दिल्या.

या शिकवणीला सगळ्यात जड जाते ते मार्ककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातले वचन: त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातील दूतांना नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्याला आहे. एरियसच्या बाजूचे हे हक्काचे वचन. अथनेशियसने उत्तर दिले की येशू हे माणूस म्हणून बोलतो. न जाणणे हाही माणूसपणाचाच भाग आहे, जसे भूक लागणे, थकणे, रडणे. हे उत्तर सगळ्यांना पटते असे नाही, आणि त्यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. मत्तयात हेच वचन आहे, आणि तिथे अनेक उत्तरकालीन हस्तलिखितांत ‘पुत्रालाही नाही’ हे शब्द दिसत नाहीत; नकलनविसांचा हात अडखळला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण जुन्या प्रतींत ते शब्द आहेत, आणि मार्कमध्ये तर जवळजवळ सगळ्याच प्रतींनी ते जसेच्या तसे उतरवले. नायसियाचा विश्वासांगीकार मोठ्याने म्हणणाऱ्या मठांतच या प्रती उतरवल्या जात होत्या.